सोलापूरहून निगडी प्राधिकरणात : भाड्याच्या घराचे आठ आठवडे

१ मार्च २०२४ ला नवरा चाकणच्या कंपनीत रुजू झाला आणि आमचं घर दोन गावांत विभागलं गेलं. तो भोसरीत एका सहकाऱ्याच्या खोलीवर, आणि मी, दहा वर्षांची लेक आणि सासूबाई सोलापुरात. लेकीची चौथी संपली की शाळा सुरू व्हायच्या आत सगळ्यांनी एकत्र यायचं, एवढंच ठरलं होतं. आम्ही दोघंही कधी भाड्याने राहिलेलो नव्हतो. सोलापूरचं घर सासऱ्यांनी बांधलेलं. डिपॉझिट किती मागतात, करार कुठे नोंदवायचा, सोसायटीला काय द्यावं लागतं, यातलं काहीच माहीत नव्हतं. रात्र रात्र मी दुसऱ्यांचे अनुभव वाचत बसायचे. त्याची परतफेड म्हणून तारखा आणि आकड्यांसकट हे लिहिते आहे.

निगडी प्राधिकरण का, तर नवऱ्याच्या कंपनीची बस भक्ती-शक्ती चौकातून सुटते, आकुर्डीचं लोकल स्टेशन जवळ आहे, आणि तिथे झाडं आहेत. सासूबाई सोलापूरच्या घराच्या ओट्यावर संध्याकाळी दोन तास बसणाऱ्या. त्यांना अकराव्या मजल्यावरच्या खिडकीत नेऊन बसवायचं माझ्या जिवावर आलं होतं. प्राधिकरणात सेक्टर आखून केलेली वस्ती आहे. रुंद रस्ते, बंगले, मधेमधे तीन-चार मजल्यांच्या जुन्या सोसायट्या. आमच्या अटी मोजक्या होत्या: दोन बेडरूम, तळमजला किंवा लिफ्ट, शाळा चालत जाता येईल अशी, आणि भाडं बावीस हजारांच्या आत.

६ एप्रिलच्या शनिवारी पहाटे हुतात्मा एक्स्प्रेसने निघाले, पुण्याहून लोकलने आकुर्डी. त्या दोन दिवसांत सात घरं पाहिली. एजंट एका मागोमाग एक दाखवत नेतो आणि चौथ्या घरानंतर कुठल्या घराला कुठलं स्वयंपाकघर हेच आठवेनासं होतं. तिसऱ्या घरापासून मी प्रत्येक ठिकाणी शिरताना दारावरच्या नंबराचा फोटो आधी काढायला लागले, मग आतले. रात्री मोबाइलवर पाहताना त्यामुळे घरं वेगळी ओळखू आली.

सातांपैकी दोन घरं खूप आवडली होती. एक शनिवारी दुपारी इतकं शांत वाटलं, की नवरा तिथेच हो म्हणणार होता. रात्री नऊला आम्ही पुन्हा त्या गल्लीत गेलो. मागच्या भिंतीला लागून मंगल कार्यालय होतं आणि वरात दारात आलेली होती. दुपारी पाहिलेलं घर रात्री एकदा पाहाच, आणि जमलं तर सकाळी पाणी यायच्या वेळेलाही. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेचं पाणी दिवसाआड येतं, हे मला तिथे गेल्यावरच कळलं. त्यामुळे सोसायटीची टाकी केवढी आहे, बोअर आहे का, टँकर मागवावा लागतो का आणि त्याचे पैसे कोण देतं, हे भाड्याच्या आधी विचारायला हवं.

दुसऱ्या घराचं वेगळंच झालं. फोनवर सगळं जुळलं, आणि शेवटी मालकीणबाईंनी विचारलं, "नॉनव्हेज करता का?" मी खरं सांगितलं, रविवारी करतो. फोन ठेवला गेला. मला त्या रात्री फार वाईट वाटलं. पण लपवून आत शिरायचं आणि मग खिडक्या बंद करून स्वयंपाक करायचा, हे आम्हाला जमलं नसतं. त्यानंतर मी ही गोष्ट पहिल्या फोनमध्येच सांगत गेले. दोन फेऱ्या तरी त्याने वाचल्या.

पुढच्या आठवड्यात आमची मोठी चूक झाली.

१४ एप्रिलच्या रविवारी नवऱ्याने एकट्याने एक घर पाहिलं. पहिला मजला, लिफ्ट, भाडं एकोणीस हजार. एजंट म्हणाला, संध्याकाळी अजून दोन पार्ट्या येणार आहेत, टोकन द्या म्हणजे घर धरून ठेवतो. नवऱ्याने मला व्हिडिओ कॉल केला, मी हो म्हटलं, आणि दहा हजार रुपये एजंटच्या खात्यावर गेले. पावती नाही, काही नाही. आम्ही दोघं त्या रात्री खूश होतो.

२० तारखेला कराराचा मसुदा मागितला. त्यात मालक म्हणून जे नाव होतं ते लाइट बिलावर नव्हतं. मिळकतकराच्या बिलावरही नव्हतं. विचारत गेल्यावर कळलं, की फ्लॅट दाखवणाऱ्या गृहस्थांच्या भावाचा आहे, भाऊ परदेशात आहे आणि कुलमुखत्यारपत्र केलेलं नाही. "भाऊच तो, काही होत नाही," असं ते म्हणत होते, आणि बहुधा मनापासूनच म्हणत होते. पण ज्याच्या नावावर घर नाही आणि ज्याच्याकडे अधिकारपत्रही नाही, त्याने सही केलेला करार आमच्या काय कामाचा? आम्ही नाही म्हटलं. दहा हजारांतले आठ हजार २ मे रोजी परत आले. दोन हजार "धावपळीचे" म्हणून गेले. तो अठरा दिवसांचा काळ माझ्यासाठी सगळ्यात कठीण होता. पैशांपेक्षाही, आपल्याला हे जमणारच नाही असं वाटत राहायचं. नवरा आणि मी फोनवर एकमेकांशी नीट बोलतही नव्हतो.

टोकनच्या आधी आता मी तीन कागद पाहीन: चालू लाइट बिल, मिळकतकराचं बिल आणि घराची सूची क्रमांक २. सूची दोन म्हणजे खरेदीखत नोंदवल्यावर मिळणारा गोषवारा. मालकाकडे तो असतोच. या तिन्हींवरचं नाव आणि समोरच्याच्या आधारवरचं नाव जुळलं, की मगच पैशांचं बोलणं.

२७ एप्रिलला सासूबाई म्हणाल्या, मी येते. गुडघे दुखत असताना प्रवास नको म्हणून मी विरोध केला. "घरात दिवसभर मीच असणार आहे ना, मग मला बघू दे," म्हणाल्या. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

त्या दिवशी एजंटचं एक घर पाहून आम्ही रिक्षाची वाट बघत उभे होतो. सासूबाईंना एका फाटकावर हाताने लिहिलेली पाटी दिसली, "फ्लॅट भाड्याने देणे आहे". खाली नंबर. बारा फ्लॅटची सोसायटी, फाटकाशी कडुनिंब, दुसरा मजला, लिफ्ट. मालक निवृत्त जोडपं, दोन गल्ल्या सोडून राहणारं. काका आणि काकू दहा मिनिटांत किल्ली घेऊन आले. आम्ही खोल्या बघत होतो तेव्हा सासूबाई बाल्कनीत खुर्ची ओढून बसल्या आणि काकूंनी न विचारता त्यांना पाणी आणून दिलं. मग गुडघ्यांवरच्या तेलावर दोघींचं जे बोलणं सुरू झालं ते अर्धा तास चाललं. बाथरूममध्ये भिंतीला धरायला दांडी होती. काकांच्या आईसाठी बसवलेली. ती दांडी पाहूनच माझं मन ठरलं.

काकांनी भाडं बावीस हजार सांगितलं, डिपॉझिट एक लाख. मी आधीच कागदावर लिहून नेलं होतं, की मेंटेनन्स कोण देणार, रंगाचे पैसे कापणार का, वर्षाला वाढ किती. हे सगळं एका बैठकीत बोललो. शेवटी पहिल्या वर्षी वीस हजार पाचशे, दुसऱ्या वर्षी एकवीस हजार पाचशे, डिपॉझिट ऐंशी हजार, मेंटेनन्स मालकाकडे, असं जमलं. एजंट मध्ये नसल्यामुळे एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली वाचली. म्हणून म्हणते, शोधताना त्या भागात पायी हिंडा. अशा जुन्या सोसायट्यांतल्या वयस्कर मालकांची घरं मोबाइलवर दिसतच नाहीत.

काकांचं म्हणणं होतं की अकरा महिन्यांचा करार नोटरी करून टाकू, खर्च वाचेल. इथे मात्र मी वाचून आलेलं कामी आलं. वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, या १९०८ च्या नोंदणी कायद्यातल्या तरतुदीवरून अकरा महिन्यांची रीत पडली. पण महाराष्ट्रात त्याचा उपयोग नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा आपला नेहमीचा भाडेकरार, लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि करार नोंदवलेला नसेल, तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल तेच आधी खरं धरलं जातं.

मी हे सांगितल्यावर काका गप्प झाले. मग हळूच म्हणाले, की त्यांच्या ओळखीत एक भाडेकरू मुदत संपूनही निघाला नव्हता, त्यांना खरी भीती तीच आहे. तोपर्यंत मला वाटत होतं की भीती फक्त आम्हालाच आहे. मी त्यांना कलम २४ दाखवलं: मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागू शकतो, आणि राहील तेवढ्या काळासाठी भाडेकरूला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. काकूंनी ते मोठ्याने वाचलं. त्यानंतर दोन वर्षांचा करार रीतसर नोंदवायला काका स्वतःहून तयार झाले.

१० मेला, अक्षय तृतीयेला, अकरा हजार टोकन दिलं. या वेळी बँकेतून, थेट काकांच्या खात्यावर, आणि वहीच्या पानावर दोघांच्या सह्यांची पावती: कुठला फ्लॅट, किती भाडं, किती डिपॉझिट, आणि मालकाने नकार दिला तर पूर्ण रक्कम सात दिवसांत परत. १३ तारखेला तिकडे मतदान होतं, त्यामुळे कराराचं काम करणारा मुलगा १५ ला मसुदा देतो म्हणाला आणि दिला.

मसुदा आम्ही दोन संध्याकाळ वाचला. छापील मसुद्यात "मालकास योग्य वाटेल त्या वजावटीनंतर अनामत परत केली जाईल" असं वाक्य होतं. ते बदलून "घर सोडल्यापासून १५ दिवसांत, थकीत बिलं आणि प्रत्यक्ष मोडतोड वजा करून" असं लिहून घेतलं. सहा महिन्यांचा लॉक-इन (तेवढ्या काळात करार मोडता येत नाही) आणि एक महिन्याची नोटीस दोन्ही बाजूंना सारखीच लागू केली. आधी ती फक्त आमच्यावर होती. नळ, फ्लश, बल्ब आमचे. गळती, वायरिंग, पाइपलाइन काकांची. यातल्या एकाही बदलाला काकांनी नाही म्हटलं नाही. छापील मसुदा त्यांनीही कधी वाचलेला नव्हता.

आता खर्चाचा हिशोब, कारण यात लोक फसतात. मुद्रांक शुल्क असं निघतं: पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के, या बेरजेच्या ०.२५ टक्के. आमचं पहिल्या वर्षाचं भाडं २,४६,०००, दुसऱ्याचं २,५८,०००, मिळून ५,०४,०००. ऐंशी हजारांवर वर्षाला आठ हजार, दोन वर्षांचे १६,०००. एकूण ५,२०,०००, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे १,३०० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. वर दस्त हाताळणीचं शुल्क आणि घरी येऊन काम करणाऱ्याची मजुरी १,५००. मजुरी वेगळी विचारा आणि सरकारी चलन स्वतः डोळ्यांनी बघा. मला आधी एकाने सगळं मिळून साडेसात हजार सांगितले होते. खर्च आम्ही अर्धा-अर्धा केला.

१८ मेच्या शनिवारी काकांच्या घरी अंगठ्यांचा कार्यक्रम. ऑनलाइन नोंदणीत दुय्यम निबंधक कार्यालयात जावं लागत नाही. लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन आणि कॅमेरा घेऊन तो मुलगा घरी येतो. दोन्ही बाजू आणि दोन साक्षीदार, सगळ्यांचे आधार लागतात. माझा लगेच जुळला. नवऱ्याचा जुळेना, मशीन पुन्हा पुन्हा नाही म्हणत होतं. मग आठवलं, त्याने आधारचं बायोमेट्रिक ॲपवर लॉक करून ठेवलं होतं. ते उघडायला ओटीपी हवा, आणि आधारला जोडलेला नंबर सोलापुरातल्या जुन्या सिमचा. ते सिम नशिबाने पाकिटात होतं. काकांची गोष्ट अवघड होती. वय एकाहत्तर, बोटांच्या रेघा झिजलेल्या. अंगठे, तर्जनी, काहीच जुळेना. काकू कोमट पाण्याचं भांडं घेऊन आल्या. हात धुऊन, कोरडे करून, थोडं तेल चोळून पुसल्यावर उजव्या हाताचं मधलं बोट जुळलं. पाऊण तास गेला. मालक वयस्कर असतील तर त्या दिवशी दुसरं काही काम ठेवू नका.

२२ तारखेला दस्त त्रुटी लावून परत आला. मिळकतीच्या वर्णनात प्लॉट क्रमांक राहून गेला होता. प्राधिकरणात मूळ प्लॉट ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले असल्याने सेक्टर आणि प्लॉट क्रमांक हीच जागेची ओळख, आणि आम्ही फक्त सोसायटीचं नाव आणि फ्लॅट नंबर तपासत बसलो होतो. मजकूर बदलल्यामुळे सगळ्यांचे अंगठे पुन्हा. मी तोवर सोलापूरला परतले होते, सामान बांधायला काढलं होतं. २३ ला बुद्ध पौर्णिमेची सुट्टी. २४ ला पहाटे पुन्हा हुतात्मा, दुपारी पुन्हा कोमट पाणी, पुन्हा काकांचं मधलं बोट. संध्याकाळच्या गाडीने परत. त्या गाडीत मला रडू आलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. मिळकतीचं वर्णन सूची दोन शेजारी ठेवून शब्दाला शब्द जुळवलं असतं, तर हा सगळा दिवस वाचला असता.

२८ मेच्या मंगळवारी नोंदणी झालेल्या दस्ताची पीडीएफ आली. त्यावर दस्त क्रमांक, आमचे फोटो, सगळं.

मग पटापट गोष्टी झाल्या. काकांनी पोलिसांच्या संकेतस्थळावर भाडेकरूची माहिती भरली. त्याला करार, आमचे फोटो, आधार आणि ओळखीच्या दोघांची नावं लागली. सोसायटीच्या सेक्रेटरींना कराराची आणि पोलिसांकडच्या पोचपावतीची प्रत दिली. त्यांनी घर भाड्याने दिल्याबद्दलचं बिनभोगवटा शुल्क आमच्याकडे मागितलं. ते सभासदाने द्यायचं असतं, आणि १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयानुसार सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. काका म्हणाले, ते माझं आहे, मी बघतो.

सोलापूरहून ट्रक १९,५०० रुपये, बांधणी आणि हमाली धरून. गॅसचं सिलिंडर आणि रेग्युलेटर तिकडच्या एजन्सीत जमा करून कागद घेतला होता, तो दाखवून इकडे नवं कनेक्शन मिळालं. ते निघायच्या चार दिवस आधी करा आणि पहिल्या आठवड्यासाठी इंडक्शनची शेगडी हाताशी ठेवा.

१ जूनला सकाळी सामान चढवण्याआधी काका आणि मी रिकाम्या घरात फिरलो. प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, लाइट मीटरच्या आकड्याचा फोटो, स्वयंपाकघरातल्या ओट्याला गेलेली जुनी चीर, मागच्या बेडरूममधला ओलीचा डाग. सगळं कागदावर लिहून दोघांनी सही केली. मागच्या महिन्याचं लाइट बिल १,१४० थकलेलं निघालं, ते काकांनी तिथेच भरलं. उरलेलं डिपॉझिट ६९,००० आणि जूनचं भाडं त्यांच्या खात्यावर पाठवलं आणि किल्ल्यांचे दोन जोड घेतले.

१५ जूनला शाळा सुरू झाली. प्रवेशाला पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करारच मागितला. नोटरीचा चालला नसता, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. नवऱ्याच्या ऑफिसने घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी काकांचा पॅन मागितला, कारण भाडं वर्षाला एक लाखाच्या वर आहे. हा विषय मी आधी काढायला विसरले होते आणि काका थोडे अवघडले. त्यांना पॅन देणं गैरसोयीचं नव्हतं, अचानक मागितल्याचं वाटलं. भाड्याच्या बोलण्यातच हे सांगून टाका.

लेकीला अजून सोलापूरच्या मैत्रिणींची आठवण येते. सासूबाई साडेपाचला लिफ्टने खाली जातात आणि कडुनिंबाखालच्या बाकावर बसतात. काकू आठवड्यातून दोनदा येतात. करार ३१ मे २०२६ ला संपेल. मार्चमध्येच काकांशी बोलायचं, असं कॅलेंडरमध्ये लिहून ठेवलं आहे, आणि त्याखाली: प्लॉट क्रमांक तपासणे, कोमट पाणी.